सतरा नंबरची नळी

यवतमाळ जिल्ह्यात मी दोनदा गेले. पहिल्यांदा रक्त आणायला, दुसऱ्यांदा तेच रक्त पुन्हा आणायला. हे वर्णन दुसऱ्या खेपेचं आहे. पहिल्या खेपेत मी इतकी घाबरलेली होते, की खिडकीबाहेर काही होतं की नाही तेही मला सांगता येणार नाही. माणसांची नावं बदलली आहेत. आतडी तीच आहेत.

आतड्यांचं आधी सांगते. पांढरकवड्याच्या एका कुटुंबात तीन पिढ्या काही जणांच्या ओठांवर काळे ठिपके येतात, शाईचं पेन झटकल्यासारखे. ठिपक्यांचा स्वतःचा त्रास काही नाही. पण ठिपकेवाल्यांच्या आतड्यांत गाठी होतात आणि त्यांतल्या काहींना पुढे कर्करोग होतो. याला कारण असलेलं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्राच्या एका टोकाला कुठेतरी आहे, इतकं कळलेलं होतं. 'कुठेतरी' म्हणजे 'पुण्यात कुठेतरी' म्हणावं तसं. अशी कुटुंबं शोधायची, त्यांतल्या आजारी आणि निरोगी सगळ्यांचं रक्त घ्यायचं, आणि कुणात काय सारखं आहे ते बघत बघत पुण्याची पेठ करायची, पेठेची गल्ली करायची, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. पांढरकवड्याच्या कुटुंबामुळे आम्ही गल्लीपर्यंत पोचलो होतो. त्या गल्लीत एका प्रोटीन किनेजचं जनुक राहत होतं आणि आमच्या सरांचा त्याच्यावर डोळा होता.

किनेज म्हणजे पेशीतला शिक्का मारणारा कारकून. तो इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारत फिरतो. शिक्का बसला की कुणाचं काम सुरू होतं, कुणाचं बंद. हा कारकून कायमचा रजेवर गेला तर पेशी विनापरवाना बांधकाम सुरू करतात, असा सरांचा तर्क होता. सरांना सरकारी कचेऱ्यांचा अनुभव दांडगा असल्यामुळे मला तो पटला होता.

मग सतरा नंबरच्या नळीने घोटाळा केला. जनुकांच्या आसपासच्या ज्या खुणा आम्ही तपासतो, त्यांतल्या प्रत्येकीचे आईकडे दोन नमुने असतात, बापाकडे दोन. त्यांना पोरं पाच होवोत की पंधरा, सगळ्या भावंडांत मिळून चारच नमुने फिरणार. पांढरकवड्याच्या पाच भावंडांत सहा निघाले. जादाचे दोन्ही एकाच माणसाचे होते: हमीद, ठिपके नाहीत, प्रकृती उत्तम, नळी क्रमांक सतरा.

सर म्हणाले, "एक नमुना परका असता तर बाप वेगळा म्हटलं असतं. दोन्ही परके आहेत. म्हणजे नळी वेगळी."

नळीवर चिठ्ठी मी चिकटवली होती. एक नळी चुकली असेल तर त्या दिवशी घेतलेली कुठलीच नळी खरी धरता येत नाही. मग ते कुटुंब बाद, गल्लीची परत पेठ, किनेज गर्दीत हरवलेलं, आणि माझा विषय दुसऱ्या कुणाला. सरांनी हे आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं. हमीदचं रक्त पुन्हा आण, म्हणाले. नवं रक्त जुन्याशी जुळलं तर नळी निर्दोष. नाही जुळलं तर बोलू.

नळी मी बदललेली नाही याची मला खात्री होती. मी कुलूप लावून तीनदा ओढून बघणाऱ्यांतली आहे. पण नळी खरी असेल तर हमीदमामू त्या आईचे नव्हेत, आणि मला ते जाऊन विचारावं लागणार होतं. माझ्या शाळेत आम्हांला खोलीत शिरायची परवानगी कशी मागायची ते घोटून शिकवलं होतं. एखाद्या माणसाला 'तुम्ही नक्की तुमच्याच आईचे का' हे कोणत्या शब्दांत विचारायचं, ते कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

यवतमाळ

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी तर्री पोहे मागवले. पुण्यात पोहे हा सौम्य, आजाऱ्यालाही चालणारा पदार्थ आहे. इथे त्यावर लाल रस्सा ओततात आणि मग माणूस काही काळ आपल्या आयुष्याचा विचार करू शकत नाही. मला त्या दिवशी तेच हवं होतं. वर कोथिंबीर हवी का असं विचारायला वेटरने 'सांबार टाकू का' म्हटलं, तेव्हा मी घाईने नको म्हटलं आणि सगळ्यांना हिरवं मिळालेलं बघत बसले.

पाणी ठेवताना वेटरने माझ्या वहीकडे पाहिलं आणि कोणत्या पेपरच्या म्हणून विचारलं. कापूस बुडाल्यापासून गावात बाहेरची माणसं फार येत होती. सगळ्यांकडे वही असायची आणि सगळे कोण मेलं तेच विचारायचे. मी पेपरची नाही म्हणाले. मग वहीतली माझीच पानं आठवली: प्रत्येक नावापुढे 'हयात की मृत, मृत असल्यास कशाने'. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि त्याचं चूक नव्हतं.

रक्त काढणारे वानखडे भाऊ मला तिथेच भेटले. ते एका खासगी पॅथॉलॉजीत काम करतात आणि त्यांचा हात इतका हलका आहे, की लहान मुलं सुई टोचून झाल्यावर रडायला सुरुवात करतात. बोलणं मात्र हलकं नाही. मागच्या खेपेच्या रक्ताची सगळी हकिकत त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "मॅडम, बाटली बदलली असन त तुमी बदलली असन. मी त टोचून मोकळा झालतो." मी म्हणाले, मी बदलली नाही. त्यांनी मान हलवली, जशी माणसं लॉटरी लागणार म्हणणाऱ्यांपुढे हलवतात.

बर्फाच्या कारखान्यातून आम्ही बर्फ घेतला आणि लाल रंगाच्या डब्यात भरला. हा डबा दिसायला हुबेहूब कुल्फीवाल्याचा आहे. पांढरकवड्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरने डब्याचं तिकीट पडेल म्हटलं आणि आत काय आहे ते विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत वानखडे भाऊ म्हणाले, "रक्त." डब्यात तोवर नुसता बर्फ आणि रिकाम्या नळ्या होत्या, पण पुढचा सगळा प्रवास आम्ही दोघं तिघांच्या बाकावर ऐसपैस बसून केला.

रस्ता

आधी शेतं, मग सागाचं जंगल, मग पुन्हा शेतं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला होता. कापसाच्या गाड्या जाता-येता काट्यांना थोडं थोडं देऊन जातात. झाडाला आलेला कापूस म्हणून मी शाळेत जे चित्र काढलं होतं ते नेमकं असं होतं, आणि बाईंनी ते चूक ठरवलं होतं.

एका गावाबाहेर बस थांबली ती थांबलीच. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागली होती, तिचं शेपूट डांबरी रस्त्यावर आलं होतं. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं आणि गाड्यांवरच्या कापसाच्या ढिगांवर माणसं झोपलेली. काही जण तिसऱ्या दिवसापासून तिथे होते. दोघांनी गाडीपासून जरा लांब चूल मांडली होती आणि तिसरा कापसावर पालथा पडून त्यांना भाजीत मीठ किती ते वरून सांगत होता. बसमधल्या एका म्हाताऱ्याने खिडकीतून भावाची चौकशी केली. खालून उत्तर आलं, भाव आहे, पण तो आमचा नाही. सगळी बस हसली. त्या हसण्यात मला कुठे सामील व्हायचं ते कळेना, म्हणून मी डबा सरळ केला.

पांढरकवडा

नागपूर-हैदराबाद रस्ता गावाला चाटून जातो, आणि गावातलं निम्मं जग त्या रस्त्यावर बिघडलेल्या ट्रकांवर चालतं. रझिया आपांचं घर म्हणजे पुढे गॅरेज, मागे चार खोल्या, मध्ये एक पत्र्याचा दरवाजा, जो ग्रीसच्या हातांनी उघडायची मनाई आहे आणि जो ग्रीसच्या हातांनीच उघडला जातो. आपा पाच भावंडांत थोरल्या. नवरा वारल्यापासून माहेरी. गॅरेज भाऊ चालवतात आणि भावांना आपा. दोन बहिणी लग्न होऊन बाहेरगावी आहेत, त्यांचं रक्त मागेच झालं होतं. ओठांवरचे ठिपके आपांना आहेत, अम्माकडून आलेले, आता वयाने फिकटलेले. त्यांचे भाऊ सलीमभाई, त्यांना ठळक. सलीमभाईंचं हातभर आतडं काढून टाकलेलं आहे, आणि ते कुठल्या बाजूचं ते शर्ट वर करून दाखवायला ते नेहमी तयार असतात.

घरात ते आपसांत उर्दूवळणाचं हिंदी बोलतात, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. माझ्याशी काय बोलायचं याचा त्यांचा निर्णय होत नव्हता, कारण माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटायची. पहिल्या खेपेला आपांनी भावंडांची वयं भराभर सांगितली होती. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी आकडे ऐकले की मी अडखळते. अडतीस ऐकून मला आधी मनात तीस आणि आठ मांडावे लागतात. हे पुढे कामाला येतं, म्हणून सांगून ठेवते.

हमीदमामू नव्हते. वणीकडे कोळशाच्या एका ट्रकने मान टाकली होती, तिकडे गेले होते आणि उद्या येणार होते. शिवाय रमजान चालू होता. आले तरी रोजा सुटल्याशिवाय सुई नाही, असं आपांनी सांगितलं. वानखडे भाऊ त्यांच्या साडूकडे मुक्कामाला गेले. मी आपांकडे राहिले. दिवसभराचा उपास असलेल्या घरात आपण अडचण होऊ नये, म्हणून मी भूक नाही म्हणाले. पुण्यात याचा अर्थ 'अजून एकदा विचारा' असा होतो. इथे मला कुणी काही विचारलंच नाही, ताट आलं. संध्याकाळी रोजा सुटला तेव्हा सगळ्यांबरोबर पुन्हा ताट आलं. पहाटे सगळे खायला उठले तेव्हा मलाही उठवलं आणि दुपारी पाहुणी उपाशी कशी म्हणून पुन्हा वाढलं. त्या दिवसांत त्या घरात सर्वांत जास्त वेळा जेवलेली व्यक्ती ही रोजा नसलेली मी होते.

आणि प्रत्येक जेवणाला मी ठरवत होते की आता विचारायचं. आपा रोटी टाकायच्या, मी सुरुवात करायचे, "आपा, हमीदमामू..." आणि त्या वळून बघायच्या, आणि मी म्हणायचे, "...किती वाजता येतात?" असं चार वेळा झाल्यावर आपांनी माझ्याकडे जरा बारकाईने पाहिलं आणि हमीदचं लग्न झालेलं आहे, दोन पोरं आहेत, असं न विचारता सांगितलं. मी लाल झाले, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

दुसरी संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना मामू आले. धिप्पाड माणूस, ट्रकचं चाक एकटा उचलतो. मागच्या वेळी सुई बघून हाच माणूस वानखडे भाऊंच्या अंगावर कोसळला होता. त्यांनी ओट्यावर बसून मला सरळ विचारलं, "मॅडम, मांगच्या टाइमले तुमी माह्यं रक्त नेलं, त्याचं का झालं?"

मला गोल गोल बोलायचं होतं, पण माझी पुस्तकी मराठी गोल होत नाही. मी म्हणाले, "सर म्हणतात ते तुमचं नाही."

"मंग कोनाचं हाय? चक्कर त मले आलती."

सलीमभाई खो खो हसले. मी सगळं सांगितलं: नळीची चिठ्ठी मी लावली, ती चुकीची असावी असं सरांना वाटतं, पुन्हा जुळलं नाही तर तुमचं सगळं कुटुंब अभ्यासातून काढावं लागेल आणि मलाही. कुटुंब काढतील हे ऐकून ते गंभीर झाले नाहीत. मला काढतील हे ऐकून झाले. म्हणाले, रोजा सुटला की घ्या, पाहिजे तेवढं घ्या, फक्त मले दाखवू नका.

रोजा सुटायला तासभर होता. आपा स्वयंपाकघरात कांदाभजी काढायला बसल्या आणि मी कांदा चिरून देण्याच्या निमित्ताने वही घेऊन त्यांच्यापाशी बसले. डोळ्यांत पाणी यायला चांगलं कारण होतं. वहीत सलीमभाईंच्या नावापुढे मी अडतीस लिहिलं होतं आणि हमीदमामूंच्या पुढे एकोणचाळीस. ते एकोणचाळीस माझ्याच हाताने खोडून केलेलं होतं. पहिल्या खेपेला आपांनी दोघांचंही वय अडतीसच सांगितलं होतं. दोन भाऊ एका वयाचे कसे असतील, मीच आकडा चुकीचा ऐकला असेन, पुन्हा विचारलं तर माझी मराठी उघडी पडेल, म्हणून मी एकाचं वय परस्पर वाढवून दिलं होतं. इतक्या दिवसांत मला ते आठवलंही नव्हतं.

मी म्हणाले, "आपा, सलीमभाई मोठे की हमीदमामू?"

"सलीम," आपा म्हणाल्या. "वीस दिवसानं."

कढईत भजी फुगत होती. माझ्याकडे जीवशास्त्राच्या दोन पदव्या होत्या आणि त्या दोन्ही मिळून मला एकच गोष्ट सांगत होत्या.

"जुळे?" मी तरीही विचारलं.

"वीस वीस दिवसाचा हप्ता पाडून जुळे होते का, बेटा?" आपांनी झारा थांबवला. "तुले कोनं सांगतलं नाई?"

मग त्यांनी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे आवाजही खाली गेला नाही. हमीदचा बाप ट्रक चालवायचा आणि गाडी अब्बांच्या गॅरेजला आणायचा. घाटंजीला त्याची बायको बाळंतपणात गेली. तो चार दिवसांचं पोर टॉवेलात गुंडाळून गॅरेजमध्ये आला आणि अब्बांना म्हणाला, कुठे ठेवू? आत अम्माजवळ सलीम होता, चोवीस दिवसांचा. अम्माने दुसऱ्या बाजूला हमीदला घेतलं. बाप येत-जात राहिला, मग हैदराबादकडे कुठे गेला तो गेलाच. हमीद इथेच वाढला. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

मी म्हणाले, "मग मी भावंडं किती विचारलं तेव्हा तुम्ही पाच सांगितली."

"पाचच हायत."

"पण हमीदमामू..."

"आयक," आपा म्हणाल्या, "अम्माचं दूध पेला ना तो? मंग त्याच्यासंगं आमचा कोनाचा निकाह लागत नाई. त्याच्यासमोर मी डोक्यावर पदर घेत नाई. भाऊ नाई त मंग कोन हाय तो?"

त्यांचं बरोबर होतं. मी भावंडं विचारली होती, त्यांनी भावंडं सांगितली. त्यांच्या धर्मात दूध पाजलं की नातं पक्कं होतं, विवाह निषिद्ध होतो, आणि त्यात शंकेला जागा नाही. आमच्या वंशावळीच्या तक्त्यात मात्र पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, त्यांच्यापासून मुलांकडे येणारी एकच रेघ असते आणि ती फक्त गर्भाशयातून येते. तीस माणसांचं रक्त घेणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेने एकदाही 'कोणी पाजलं' हे विचारलं नव्हतं. आणि दोन अडतीस समोर आल्यावर जिने थांबून विचारायला हवं होतं, तिने एका अडतीसाचं एकोणचाळीस केलं होतं. नळी मी बदलली नव्हती. मी माणूस बदलला होता.

मी आपांना ते सांगून टाकलं. वयाचं खोडलेलं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पाहिलं, तेलाचा एक थेंब त्यावर पाडला आणि म्हणाल्या, "साल वाढवलं त वाढवलं. त्याची बायको म्हनतेच हमीद जास्ती म्हातारा दिसते म्हून."

बांग झाली. खजूर, भजी, चिरलेली फळं आणि गुलाबी सरबत. वानखडे भाऊ वेळेवर हजर झाले, आमच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं पाहून काही न बोलता सरबताच्या पातेल्यातला बर्फ काढून त्यात घातला, आणि मग बेसनाचे हात धुऊन मामूंच्या दंडाला पट्टा बांधला. सलीमभाईंनी मामूंचे डोळे आपल्या हाताने झाकले. हा विधी त्यांच्यात नेहमीचा असावा. नळी भरली. मामूंच्या डोळ्यांवर हात असतानाच मी चिठ्ठी लिहिली, लावली, आणि सगळ्यांना वाचून दाखवली. वानखडे भाऊ म्हणाले, "आता साक्षीदार हायत. आता बदलून दाखवा."

मला वाटलं, मामूंना देण्यासारखी एक चांगली बातमी आपल्याकडे आहे. मी त्यांना समजावून सांगितलं, की हा आजार रक्ताच्या नात्याने जातो, दुधाने जात नाही. अम्माचा आजार तुमच्यात येऊ शकत नाही. तुमच्या मुलांतही नाही. दरवर्षी नागपूरला जाऊन दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायची तुम्हांला गरज नाही.

मामूंनी बाही खाली ओढली. सलीमभाई त्यांच्याकडे बघायला लागले.

दुर्बिणीचं मला तोवर अर्धंच माहीत होतं. सलीमभाई दरवर्षी नागपूरच्या दवाखान्यात जातात. आदल्या दिवशी मोठं भांडंभर खारट औषधाचं पाणी प्यायचं असतं, आतडं धुऊन निघेपर्यंत संडासाच्या वाऱ्या करायच्या असतात. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी सलीमभाईंनी ते पाणी प्यायला नकार दिला होता. निम्मं मामू स्वतः प्यायले, मग निम्मं सलीमभाई. डॉक्टरांनी दोघांनाही झापलं आणि दोघांचीही तपासणी पुढच्या आठवड्यात नव्याने ठेवली. तेव्हापासून दोघं जोडीने जातात, दोन भांडी घेतात आणि धर्मशाळेच्या संडासाबाहेर कोण आधी यावरून भांडतात.

"मले गरज नाई, हे तुमी सांगतलं ते बरं झालं," मामू म्हणाले. "पोरायची चिंता मिटली. माह्यी नाई मिटत."

"का?"

"हा एकटा पेते का ते पानी? मोरीत ओतते. मी पेलो की याले प्याच लागते."

सलीमभाई म्हणाले, दुर्बीण पण घालून घेते लेकाचा, फुकटची. मामू म्हणाले, रांगेत बसलोच आहे तर डॉक्टरला कशाला नाराज करा. आपा म्हणाल्या, जेवताना हे विषय नको. मग सगळे जेवले, आणि जेवणाऱ्यांत मला पुन्हा मोजलं गेलं.

पुणे

नवं रक्त जुन्याशी तंतोतंत जुळलं. सरांनी दोन्ही रक्तांच्या खुणा उमटलेल्या फिल्मच्या पट्ट्या दिव्यासमोर एकावर एक धरल्या आणि म्हणाले, "नळी बरोबर होती." मी वयाच्या खाडाखोडीचं सांगितलं. ते बराच वेळ बोलले. त्यातलं मी इथे लिहीत नाही, पण ते सगळं खरं होतं. विषय त्यांनी काढून घेतला नाही. हमीदमामूंना बाजूला ठेवल्यावर चार भावंडांत चारच नमुने उरले, कुटुंब वाचलं आणि गल्ली गल्लीच राहिली.

पुढचे काही महिने मी किनेजचं जनुक अक्षर अक्षर वाचलं. ठिपकेवाल्या प्रत्येकाच्या एका प्रतीत एक अक्षर गळालेलं होतं, आणि तिथून पुढचा सगळा मजकूर बिघडून कारकून अर्ध्यातच संपत होता. ठिपके नसलेल्या कुणातही ते गळालेलं नव्हतं. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा केला. तो वाईट होता.

शोधनिबंधाचा मसुदा झाला आणि शेवटी वगळलेल्या नमुन्यांचा तक्ता आला. कारणाच्या रकान्यात आकडा घालायचा असतो. एक म्हणजे नमुना खराब. दोन म्हणजे संमती मागे घेतली. तीन म्हणजे सांगितलेला बाप खरा नाही. सरांनी सतरा नंबरपुढे बोट ठेवलं आणि म्हणाले, "तीन घाल."

दोन वर्षांत मी सरांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मी बहुतेक कुणालाच म्हटलं नव्हतं, भुकेच्या बाबतीत सोडून.

मी म्हणाले, "तीन नाही, सर."

"का? नातं जुळत नाही ना?"

"तीन वाचल्यावर लोक आईबद्दल काय समजतील? तिने दुसऱ्याचं पोर पाजलं, सर. त्याबद्दल आपण तिच्या नावावर हे लिहायचं?"

"तिचं नाव आहे कुठे? नुसतं वर्तुळ आहे."

"वर्तुळ तिचंच आहे, सर," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. मग म्हणाले, "चार नंबरचं कारण तयार कर." त्यापुढे काय लिहायचं ते मी आधीच लिहून ठेवलं होतं: दूधभाऊ. इंग्रजीत ते समजावायला दोन ओळी लागल्या, त्या त्यांनी वाचल्या आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

संगणकाने चार हा आकडा घ्यायला साफ नकार दिला. त्याला तीनपर्यंतच येत होतं. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, आणि ती सबंध दुपार आम्ही दोघांनी त्याला चार शिकवण्यात घालवली.